वाचून दाखवले, समजले

झाबुआच्या पुढं, नळीच्या कामावर
१२ जानेवारी १९८७

दादा,

तुझ्या पायी धोंडीरामचा नमस्कार. आन् बंकट अण्णा, पोस्टाच्या पायरीवर बसून दादाला हे तूच वाचून दाखवणार, म्हणून तुला बी रामराम. दादा एकटा असंल तर समदं वाच. भवती लोक असले तर 'धोंड्या खुशाल हाय' एवढंच म्हण आन् पाकीट त्याच्या हातात दे.

हे तिसरं पत्र. पहिल्या दोन्हीचं उत्तर आलं न्हाई. माझा इतला पत्ता चुकला असंल म्हणून या टायमाला मुकादमाकडून लिहून घेतलाय.

गुजरातेतून गॅसची नळी निघालीय, ती पार उत्तर परदेशात जाणार हाय म्हणत्यात. आमी चौदा जण नळीला गरम डांबर लावतो आन् वरून कागद गुंडाळतो. झालं की नळी खड्ड्यात, वर माती. आपण काय केलं ते दुसऱ्या दिवशी कुणाला दिसत न्हाई. आठ-दहा दिवसांनी तंबू उपटायचे आन् पुढं. आपल्या फिरत्या वाड्यासारखंच हाय, फकस्त मेंढरं न्हाईत. सकाळी जाग आली की कान अजून त्यांचा आवाज हुडकत्यात. मंग आठवतं.

शाळा चौथीत सोडली, वीटभट्टी सोडली, लातूरचं हाटेल सोडलं. हे काम सोडणार न्हाई, असं आबांना सांग, समदा वाडा त्यांच्याच शब्दावर चालतो. काम कुणी लावलं म्हणून विचारशील. हाटेलात एक ड्रायव्हर यायचा, त्यानं.

पौष लागला. म्हंजी वाडा मांजरेकाठावरून बोरमाळला परत आला असंल. नदी आटल्यावर दुसरं कुठं जाणार? आपला उन्हाळा कुरणातल्या बारवंवरच निघतो. वनखात्यानं कुरणाच्या तारा काढल्या का? मेंढपाळ सोसायटीनं समद्यांच्या नावानं दावा लावला, तुमी दोन सालं अंबाजोगाईच्या कोर्टात चकरा मारल्या, आता तडजोड झाल्यावर ते समदं मिटलं असंल. चांगलंच झालं. आप्पा चेअरमन काय म्हणला?

काळ्या कानाची मेंढी व्याली का? नर का मादी, तेवढं तरी कळव.

तुझा
धोंडीराम


झाबुआ सोडून पुढं
३ फेब्रुवारी १९८७

दादा,

उत्तरेश्वर म्हणून आमच्या टोळीत एक हाय, आपल्या युसूफ वडगावचा. सुट्टीवर गेलता, काल आला. ताटावर बसलो होतो. आल्या आल्या म्हणला, "धोंड्या, तुमच्या बारवंच्या वाटंवर फाटक बसलंय बे. कुलूप बी हाय."

मी म्हणलो, "चेष्टा करू नको. तडजोडीत फाटक नव्हतं."

"तडजोडीतच हाय. सोसायटीला चाळीस एकराचं गवत कापायला भेटलं, आन् त्याच्या बदल्यात मेंढरांची पाण्याची वाट सोसायटीनं खात्याला सोडून दिली. कोर्टाचा शिक्का बसला. आन् कागदाच्या खाली सही कुणाची हाय म्हाईत हाय का?"

मी उठून हात धुतले. ताटात भाकरी होती.

त्यानं बाकीचं बी सांगितलं. गार्डानं अकरा मेंढरं कोंडवाड्यात घातली. वहिनी कोकरांसाठी गावातल्या हापशावरून डोक्यावर पाणी वाहती. हापशावर गावच्या बाया म्हणत्यात, माणसाला पुरंना आन् यांची मेंढरं आली. आन् तू चार माणसांत म्हणलास म्हणं की धोंड्यानं पाण्याची वाट देऊन नोकरी घेतली. दादा, तू असं म्हणलास का? तू म्हणला असशील तर तुझ्या तोंडानं मला कळव, उत्तरेश्वरच्या नको.

सही माझी हाय. पण कशाची? 'वाचून दाखवले, समजले' याची. गवताच्या सौद्याची न्हाई. तडजोडीला खात्याचा सायब आन् आप्पा चेअरमन दोघंच बसलते, मेंढरामागचा एक बी माणूस तितं नव्हता. म्हणून कोर्ट म्हणलं, हक्क समद्यांचा हाय, कागद समद्यांना वाचून दाखवा, तीस दिवस हरकती घ्या, मंग शिक्का मारू. सोसायटीचा रामकिसन सेक्रेटरी दिवाळी झाल्यावर नोटीस घेऊन गावात आला. दिवाळी झाल्यावर आपला माणूस गावात असतो का? समदा वाडा मांजरेकाठी. मी तेवढा हाटेल सोडून घरी पडून होतो. त्यानं मला धाडलं. मी आलो, वाचलं, तुमी ऐकलं, कुणी हरकत घेतली न्हाई. यात माझा काय गुन्हा?

मला जेवढी पानं दिली तेवढी मी वाचली. दोन दिली, दोन वाचली. वाटंची गोष्ट तिसऱ्या पानावर हाय असं उत्तरेश्वर म्हणतो. तसं असंल तर ते रामकिसननं मागून घातलं असंल. त्याला धरा. मला कावून धरता?

धोंडीराम


(पोस्टकार्ड)
१९ फेब्रुवारी १९८७

बंकट अण्णा,

तुझ्या चार ओळी भेटल्या. पाठ झाल्यात. अंबाजोगाईचा नवा वकील म्हणतो की कागद नीट वाचून दाखवला न्हाई असं वाड्यातल्या एका जणानं जरी कोर्टात सांगितलं, तरी शिक्का उठंल. तारीख अठरा मार्च. आन् वाड्यातला एक बी माणूस सांगायला तयार न्हाई, कारण त्या दिवशी आबांनी बेल-भंडार उचलला आन् समद्यांनी हात लावला. भंडारा उचलून 'कबूल' म्हणल्यावर मेंढरं मेली तरी तोंड फिरवायचं न्हाई, असं आबा म्हणले. लोकांनी आबांच्या चुलीवर यायचं सोडलं, पण भंडाऱ्याच्या भायेर कुणी जाईना.

मला अठराला जमायचं न्हाई. काम लई हाय. मुकादम सुट्टी देत न्हाई.

आबांना खोकला हाय का अजून?

धों.


राजगडच्या अलीकडं
६ मार्च १९८७

बंकट अण्णा,

हे पत्र दादाला एकट्याला वाचू नको. शुक्रवारी बाजारातून परतताना वाड्याची समदी माणसं पोस्टापुढं बिडी प्यायला बसत्यात, तवा उभा राहून मोठ्यानं वाच. आबांना पुढं बसव, त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. अडलास तर थांब, पर गाळू नको. हेच पत्र मी वकिलाला रजिस्टर केलंय. त्याच्यावर सही हाय, पूर्ण नावाची.

वाड्याच्या समद्या माणसांनो, मी तात्याबाचा धाकला, धोंडीराम, सांगतो.

मला तीन पानं दिलती. दोन न्हाई, तीन. मागच्या पत्रात मी लबाड बोललो. तीन पानं टाचणीनं टाचलेली होती आन् येष्टीत बसल्यावर मी ती मोजलती.

मी आलो तवा दुपार होती. मेंढरं बाभळीखाली बसलती. तुमी समदे जमला. लग्नात नवऱ्याला बसवत्यात तसं मला आबांनी घोंगडीवर मधी बसवलं. मी पहिलं पान सुरू केलं. छापील अक्षर मला येतं, पर ते कोर्टाचं मराठी. एक एक शब्द बैलगाडीएवढा. मी अडखळाय लागलो. आश्रुबा दादा, तूच म्हणलास ना, "ह्याचं वाचन म्हंजी लंगडी मेंढी, दोन पावलं पुढं आन् चार मागं." समदे हसले. चतुरा मावशी म्हणली, "ह्याचं होईस्तोवर माझी शेरडं लातूरला जात्याल." आजून हसले. मी बी हसलो. पर बोट ओळीवरनं हुकलं. आबा एकटे हसले न्हाईत. ते म्हणले, "गप बसा. वाड्यात कागुद वाचणारं एक तरी हाय का दुसरं?"

मंग मी दुसऱ्या पानावर नजर ठिवली आन् वाचायचं सोडून दिलं. तोंडानं बोलत राह्यलो, पर ते पानावरचं नव्हतं. रामकिसननं गावात तोंडी सांगितलेलं होतं ते. अर्धं कुरण आपलं, गवत सोसायटी कापणार, तारा निघणार. मधी मधी 'सदरहू' आन् 'अन्वये' घालत होतो, म्हंजी कागदाचं वाटावं. तुमी गप झाला. कुणी हसंना. मला लई बरं वाटलं. खोटं बोलताना माझी जीभ एकदा बी अडकली न्हाई.

आश्रुबा दादानं विचारलं, "बारवंचं काय लिवलंय?"

मी पान उलटलं न्हाई. बारवंचं तिसऱ्यावर होतं. मी दुसऱ्या पानाकडं बघून म्हणलो, "हाय तशी."

आबांनी विचारलं, "समदं वाचलंस?"

मी म्हणलो, "समदं."

तवा आबांनी कमरंची भंडाऱ्याची पिशवी सोडली. तुमी समद्यांनी हात लावला. मी बी लावला. नंतर कागदाखाली सही केली, तारीख घातली, आन् सही करताना सुद्धा तिसरं पान उलटलं न्हाई. उलटायची भीती वाटली असं न्हाई. मला वाटलं, काय असणार त्यात.

आता माझ्या आश्रुबा दादाच्या बोलण्याचं उत्तर. नोकरी मला ड्रायव्हरनं लावली न्हाई. रामकिसननं मुकादमाच्या नावानं चिठ्ठी दिली. कागद परत नेऊन दिला त्याच दिवशी दिली. खोटं वाचण्याबद्दल दिली न्हाई, कारण मी खोटं वाचलं हे त्याला म्हाईत नव्हतं. त्याला एवढंच पायजे होतं की सही व्हावी आन् हरकत येऊ नये. मी चिठ्ठी मागितली न्हाई. पर घेतली. बारव बंद झाली हे उत्तरेश्वरनं सांगितलं, तवा पहिल्यांदा मला त्या चिठ्ठीची शरम वाटली. त्याच्या आधी वाटली न्हाई, हे बी खरं हाय.

म्हणून मी सांगतो की तुमी उचललेला भंडारा माझ्या खोट्यावर उचलला. तो तुमाला लागू न्हाई. तुमी कोर्टात हरकत घेतली तर देवाचा शब्द मोडत न्हाई, माझा मोडतो. ज्याच्या शब्दावर भंडारा उचलला त्यानंच चारचौघात शब्द खोटा म्हणला की बाकीचे मोकळे, ही आपलीच रीत हाय. आन् त्या माणसाचं काय करायचं, ती रीत बी मला म्हाईत हाय. ते तुमी कराल. मी तक्रार करणार न्हाई.

अठराला मी अंबाजोगाईला येतो. इंदूरवरून गाड्या बदलत यावं लागंल, पर येतो. मुकादमानं सुट्टी दिली न्हाई. वकिलाला मी आधी विचारलंतं, तो म्हणतो, खोटा दाखला दिला म्हणून तुझ्यावर बी केस होईल. झाली तर होईल.

बंकट अण्णा, इतं वाचून झालं. आता आबांचं तोंड कसं झालंय ते मला लिहू नको.

धोंडीराम तात्याबा


विजयपूर, जिल्हा गुना
२ एप्रिल १९८७

दादा,

जुन्या मुकादमानं काढून टाकलं. दुसऱ्या टोळीत लागलो, नळी तीच हाय. आता डांबर न्हाई, नळीच्या पुढं पुढं खुंट्या ठोकत चालायचं. दिवसभर एकटाच असतो. बोलायला कुणी न्हाई म्हणून खुंट्या मोजतो.

कोर्टात तू मागच्या बाकावर होतास. मी तुझ्याकडं बघितलं न्हाई, कारण मला जज्जसायबाकडं बघून बोल असं वकिलानं सांगितलं होतं. तुला वाटलं असंल मी मुद्दाम बघितलं न्हाई.

कोर्टातलं जे मला नीट कळलं न्हाई ते तुझ्याकडून समजून घ्यायचं होतं, पर तू बोलला न्हाईस, म्हणून मला कळलं तेवढं लिहितो. बरोबर हाय का बंकटकडून कळव. खात्याचा वकील म्हणला, नोटीस लागली, दवंडी झाली, सही झाली, हरकत एक बी न्हाई, आता काय राह्यलं? आप्पा चेअरमन म्हणला, "पोरगं चौथी शिकलंय सायब, त्याला वाचता येतं. आता लोकांनी भरीस घातलंय." तवा जज्जसायबांनी चष्मा काढला आन् तीच तीन पानं माझ्या हातात दिली. म्हणले, "तिसरं वाचा."

मी वाचलं. त्या दिवशी जसं अडखळलो असतो तसंच अडखळलो. 'पूर्वापार वहिवाटीचा' या शब्दाला तीनदा मागं आलो. घड्याळाचा टोला पडला तरी मी अर्ध्यावरच होतो. मधी खात्याचा वकील म्हणला, "सायब, टायम जातोय." जज्जसायब म्हणले, "जाऊ द्या." आन् दादा, माझ्या मागं तुमी वाड्याची चाळीस माणसं बसलता, एक बी हसलं न्हाई. तुमी त्या दिवशी बी हसला नसता तर, असं माझ्या मनात आलं. मंग वाटलं, तुमच्या हसण्यावर टाकून मला काय भेटणार. तुमी हसला ते मेंढरामागच्या माणसांसारखं हसला. पान मी उलटलं न्हाई.

शेवटाला वाचलं की वाट सोडली हाय आन् वाडा पुन्हा तिच्यावर हक्क सांगणार न्हाई. मी खाली बसलो. जज्जसायबांनी लिहून घेतलं की मेंढरामागची माणसं आषाढात गावात असत्यात तवाच कागद परत वाचायचा, तलाठी आन् शाळंच्या मास्तरनं वाड्यावर जाऊन वाचायचा, साध्या मराठीत सांगायचा, ज्याची त्याची हरकत त्याच्या नावानं लिहून घ्यायची, आन् आप्पानं एकट्यानं काही ठरवायचं न्हाई. तवर पाण्यापुरतं फाटक उघडं. माझ्या केसचं नंतर बघू म्हणले. मला एवढंच समजलं. जिंकलो का अजून न्हाई, ते समजलं न्हाई. तडजोड आजून हायच की.

भायेर लिंबाखाली आबांनी भंडारा काढला आन् समद्यांच्या डोक्यावरून उतरवून वाऱ्यावर सोडला. मंग घोंगडी अंथरली. तुमी भाकरी सोडल्या. मी कोर्टाच्या भिंतीला उभा होतो. रीत मला म्हाईत हाय, अशा माणसाला वाडा पंगतीत घेत न्हाई, म्हणून मी जवळ आलो न्हाई, कुणी बोलवायची वाट बी बघितली न्हाई. खरं सांगू का, बघितली. चतुरा मावशीनं एकदा वळून बघितलं आन् चटणी वाढाय लागली.

तवा आबा कुणाकडं न बघता म्हणले, "त्याला पाणी द्या. पाण्याला कुणी आडवत नसतं."

तांब्या तू आणून दिलास. वरून ओतलास, मी ओंजळीनं प्यालो. माझ्या हाताचा डांबराचा वास तुझ्या नाकात गेला असंल. एक शब्द बोलला असतास तर येष्टी मी सोडली असती. म्हणून बोलला न्हाईस का, का बोलायचंच नव्हतं, हे मला अजून कळंना. खुंट्या ठोकताना तेवढंच डोक्यात असतं.

काळ्या कानाच्या मेंढीचं कोकरू तुझ्या खांद्यावर होतं ते बघितलं. मादी हाय.

आता आषाढातलं. मास्तर वाचतील तवा त्यांना घाई करू देऊ नको. एखादा शब्द कळला न्हाई तर कुणीतरी हात वर करून 'कळलं न्हाई' म्हणा. पहिल्यांदा तू म्हण, म्हंजी बाकीचे म्हणत्याल. आन् मास्तर अडखळले तर अडखळू द्या.

हरकती लिहायला मास्तर वहीत नावं घेतील. प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, मेंढरं किती, असं विचारतील. माझी हरकत अशी हाय: बारवंची वाट वाड्याची हाय, ती सोडायला मी कबूल न्हाई. बापाचं नाव तात्याबा. मेंढरं एक बी न्हाई. राहणार कुठं, ते आषाढ येईस्तोवर नळी जिथं गेली असंल तिथं.

वाड्याभायेरच्या माणसाची हरकत घेत्यात का, तेवढं आबांना विचारून कळव.

धोंडीराम